मामांचा सिरका

गाईच्या पोटावर एवढा जीव आणि स्वतःच्या तोंडावर एवढा कमी ताबा असलेला माणूस आख्ख्या जिंतूर तालुक्यात आमच्या मामांखेरीज दुसरा झाला नाही. मामा सख्खे नव्हेत. गावातल्या शेतकरी घरातले, जनावरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक. आमचा बौद्धवाडा गावाच्या टोकाला, तरी रोज सायकल टेकवून आमच्या गाईच्या डाव्या कुशीला कान लावायचे. तिचं रवंथ मोजताना कुणी हाक मारली तर चिडून पुन्हा एकपासून सुरुवात. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला धरून सांगायचे, "कडबा पोटात आंबतो, त्याचा सिरका होतो, अन् त्या सिरक्याची दुधावर साय येती. भरड्याचं आंबट येगळं. त्यानं दूध वाढतं, पर पातळ!" तोवर वरण गार.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि दंगलीत आमची कडब्याची गंजी जाळली. कोणी जाळली ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. आम्हाला कडबा कोणी विकेना. आईनं आमच्या खायची ज्वारी भरडून गाईला घातली. दूध भरपूर आलं, पण गावच्या दूध सोसायटीच्या केंद्रावर फॅट लागेना. "पाणी घालायलाव तुमी," सचिव सगळ्यांदेखत म्हणाला आणि दूध परत केलं. गंजी जाळणारेच रांगेत उभे राहून हसत होते. त्या दुधावर आमचं घर चालत होतं.

"पाणी न्हाई आक्का, सिरका कमी पडायलाय," मामा म्हणाले आणि भावाच्या शिव्या खात आपल्या गंजीतल्या पेंढ्या सायकलवर लादून आणू लागले. हळूहळू साय धरली. तरी सचिव म्हणाला, "वाड्यातलं दूध नको." मग मामा आमचं दूध आपल्या नावानं घालू लागले. आईनं शंभरदा बजावलं, "दादा, तिथं तोंड उघडू नगा."

पाच-सहा दिवस निभावलं. मग एका सकाळी फॅट बघून सचिव म्हणाला, "वा! काय गाय हाय तुमची!"

झालं! गाईची तारीफ आणि मामा गप्प बसणार? "माझी कुठली? आक्काची हाय ती! कडबा खाल्ला की सिरका..." सगळं सांगून मोकळे. त्या दिवसापासून आमचं आणि मामांचं, दोन्ही दूध बंद.

गाय विकावी लागली. मला मामांचा भयंकर राग आला होता, खरं सांगायचं तर अजून थोडा आहे. गाय गेली त्या संध्याकाळी ते नेहमीसारखे आले आणि रिकाम्या दावणीपाशी बसले.

"आक्का, खोटं तर न्हाई ना बोललो?"

आई उठून चुलीकडे गेली. तिनं चहा आणून दिला. कोराच होता. मामांनी तो संपवला आणि हळूच आणखी मागितला.