खिडकीपाशी उभा असलेला माणूस

माझा खोकला महिनाभर जात नव्हता आणि संध्याकाळी अंगात कणकण यायची. टीबी असेल का, हे मी बायकोपाशीही बोललो नव्हतो. छातीच्या एक्स-रेचा रिपोर्ट घ्यायला मुलुंडच्या एका दवाखान्यात बसलो होतो.

बाकावर जागा असूनही साठीचा एक माणूस उघड्या खिडकीपाशी उभा होता. तोंडाला मास्क होता, तरी खोकला आला की तो खिडकीबाहेर वाकायचा. मी त्याला बसायला बोलावलं.

"नको," तो म्हणाला. "मला टीबी निघालाय. गोळ्या नीट घेतल्या तर बरा होईन, असं डॉक्टर म्हणतात. माझं काय नाय ओ. पण नात सारखी माझ्याच मांडीवर असायची. तिला तपासायला आत नेलंय."

एवढ्यात दार उघडलं आणि त्याची सून पोरीला कडेवर घेऊन बाहेर आली. आजोबांना बघताच पोरीने दोन्ही हात पसरले. तो भिंतीला चिकटला आणि त्याने आपले हात पाठीमागे घेतले.

"तिला काही नाही, बाबा," सून लांबूनच म्हणाली. "फक्त खबरदारीचं औषध दिलंय."

त्याने मान हलवली, पण हात पुढे आणले नाहीत. पोरगी रडायला लागली.

माझ्या रिपोर्टमध्ये न्यूमोनिया निघाला. डॉक्टर म्हणाले, टीबी नाही, औषधाने बरं वाटेल. तरी घरी पोचल्यावर माझी मुलगी धावत आली, तेव्हा मी दारातच थांबलो आणि बायकोला म्हटलं, "हिला जरा आत घे."