नखाएवढा रंग

आमच्या गल्लीत जुन्या मोटारसायकलींचं वायरिंग बघणारा एक मिस्तरी आहे. त्याचं खरं नाव त्याच्या थोरल्या बहिणीलाच ठाऊक. बाकी सगळे त्याला चौदा म्हणतात. गाडी कुणाचीही असो, हा बॅटरीला मीटर लावतो, रेस द्यायला सांगतो आणि काट्यावर डोळे रोखून पुटपुटतो, "चौदा पाहिजे, चौदा!" इंजिन बॅटरीला नीट चार्ज करत असेल तर रेस दिल्यावर काटा चौदा व्होल्टच्या आसपास चढतो. नाही चढला तर कुठेतरी पाणी मुरतंय. ती बहीण, म्हणजे गल्लीची ताई, सांगते, मागे हा तापाने फणफणला होता, तेव्हा डॉक्टरांच्या हातात थर्मामीटर बघून याने विचारलं होतं, "चौदा आहे का?" ताईच्या बोलण्यातलं अर्धं खोटं असतं, पण कुठलं अर्धं ते कळत नाही, म्हणून ऐकायला बरं वाटतं.

चौदा पन्नाशीला टेकला, पण लग्न काही झालं नाही. मुली नाही म्हणाल्या अशातली गोष्ट नाही. बघायला गेला की हा पोहे-बिहे सोडून त्यांच्या दारातल्या गाडीपाशी उकिडवा बसायचा. शेवटी ताईने नाद सोडला.

आणि मग पडदेवाली आली.

ती घरोघरी जाऊन खिडक्यांची मापं घेते आणि पडदे शिवून देते. वय चौदासारखंच पन्नाशीच्या आगेमागे. गळ्यात टेप, मागच्या सीटवर कापडाचा गठ्ठा आणि खाली वडिलांची जुनी मोटारसायकल. वडील गेल्यावर ती गंजत पडली होती. हिने स्वतः नटबोल्ट सोडवले, घासली आणि गडद हिरव्या रंगात न्हाऊ घातली. रंग असा, की त्यात बघून भांग पाडावा. पण गाडी दर आठवड्याला हटकून मान टाकायची. बॅटरी उतरली की इंजिन बंद; मग किका मारून पाय दुखले तरी उपयोग नाही.

बॅटरी नवीनच होती. चौदाने मॅग्नेटची कॉइल तपासली, करंट भरपूर. रेग्युलेटर बदलला. सॉकेट उघडून एकेक पिन घासली. तरी रेस दिली की काटा तेराच्या अलीकडे अडून बसायचा. बॅटरी चार्ज करून तो गाडी द्यायचा आणि आठवड्याने पडदेवाली पुन्हा दारात.

आता माझी खिडकी गॅरेजच्या बरोब्बर समोर, आणि दूरचं मला अजून स्वच्छ दिसतं. ती यायच्या दिवशी चौदाचा शर्ट धुतलेला असायचा. पान्यांचा ढीग हटवून एक स्टूल मोकळं केलेलं असायचं. गॅरेजच्या त्या स्टुलावर तोवर कुणी बसायला धजत नसे. बसलाच तर उठताना पँटला ग्रीस घेऊनच जायचा. गल्लीने काय ते ताडलं. समोरचा न्हावी मला म्हणाला, "अहो, मुद्दाम दुरुस्त करत नाही तो! दुरुस्त झाली तर ही येईल कशाला?" मी आपलं हे ताईच्या कानावर घातलं. शेजारधर्म!

ताई भडकेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मुद्दाम करत असला तर आयुष्यात पहिल्यांदा शहाणपणा केला म्हणायचा."

पण एका दुपारी पडदेवाली गाडी ढकलत आली. घामाने डबडबलेली, गठ्ठा खांद्यावर. मी खिडकीतून गॅरेजच्या दारात कधी पोचलो मला कळलं नाही. ती स्टुलावर बसलीसुद्धा नाही.

"मिस्तरी, आज पुलावर बंद पडली. मागून ट्रक. कशीबशी कडेला घेतली." तिने खांद्यावरचा गठ्ठा खाली टाकला. "बाबांची गाडी आहे म्हणून ओढत आणली. आता पुन्हा बंद पडली तर विकणार. बघवणार नाही, पण विकणार."

चौदाचा चेहरा उतरला. तेवढ्यात आतून ताई आली.

"काय रे धाकट्या, सगळ्या जगाला सांगतोस, आधी अर्थिंग बघा. बॅटरीची निगेटिव्ह वायर चॅसीला जिथे बोल्टने कसतात ना, ती जागा. हिच्या गाडीची बघितलीस?"

चौदा हातातला पाना पुसू लागला.

"बघितलीस का?"

"नाही."

मी दारातच सरसावून उभा राहिलो. मला वाटलं, सापडला चोर!

"दुरुस्त झाली की येणं बंद होईल, हे कळतंय ना तुला?" ताई हळू आवाजात म्हणाली. ताईचा हळू आवाज म्हणजे अर्ध्या गल्लीला ऐकू जाईल असा. पडदेवाली टेपशी चाळा करू लागली.

"कळतंय," चौदा म्हणाला. "पण यांना पुलावर उभं नाही ठेवायचं." मग पडदेवालीकडे न बघता, "बाई, जरा रंग खरवडावा लागेल."

"किती?"

"नखाएवढा."

त्याने बोल्ट सोडवला. खाली तोच हिरवा रंग, दोन हात दिलेला, आरशासारखा. तिथे नेमकं उघडं लोखंड हवं असतं. रंगातून करंट जाणार कसा?

"इथे आत कशाला रंगवलंत?"

"माझ्या पडद्याची उलटी बाजू बघितलीत कधी? सुलटीसारखीच असते. आतून दिसत नाही म्हणून सोडून द्यायचं, हे मला नाही जमत." मग तिने त्याच्याकडे रोखून बघितलं. "पण एवढंसं काम होतं, तर इतके दिवस का नाही खरवडलंत?"

चौदाचे कान लाल झाले. बोल्ट बोटांत फिरवत राहिला.

"तुम्ही इतक्या मायेने रंगवलेली. त्यावर ओरखडा काढायला हात होईना. म्हटलं, बिघाड दुसरीकडे सापडेल."

म्हणजे मुद्दाम नव्हतंच! न्हाव्याचा आणि माझा सगळा तर्क पाण्यात. ताईने पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत होती, तिलाच माहीत.

त्याने पॉलिश पेपरने घासून लोखंड चमकवलं, बोल्ट कसला, गाडी चालू केली. काटा चढला आणि चौदावर जाऊन स्थिर झाला. चौदा मात्र काही पुटपुटला नाही. पडदेवालीनेच वाकून बघितलं आणि म्हणाली, "चौदा."

ती गेली. आठवडा गेला, दुसराही गेला. शर्ट धुतलेला असायचा, स्टूल रिकामं. ताई माझ्याशीही धड बोलेना. चौदा काम करायचा, पण रेस देताना तोंडातून 'चौदा' निघेना.

मग एका सकाळी हिरवी गाडी आली. खणखणीत चालत. चौदा मीटर घेऊन धावला.

"पुन्हा बंद पडली?"

"छे, झकास आहे." पडदेवालीने गाडी लावली आणि गळ्यातला टेप काढला. "तुमच्या गॅरेजच्या खिडकीला पडदा नाही."

"गॅरेजला पडदा कशाला, बाई?"

"समोरचे आजोबा दिवसभर आत बघत असतात, म्हणून." आणि माझ्याकडे बघून हात हलवला, अवदसा! "धरा हे टोक. आणि सांगून ठेवते, एकदा मापून माझं समाधान होत नाही. पुन्हा पुन्हा यावं लागतं."

चौदाने टोक धरलं. आतून ताई ओरडली, "सावकाश मापा गं बाई! खिडकी मोठी आहे!"

खिडकी केवढी, तर दोन विटा काढून केल्यासारखी.