दिवे लागल्यावरचं गोड

आमच्या घरात एक नियम होता आणि त्याला 'का' विचारायची सोय नव्हती. दिवे लागले की 'मीठ' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. 'गोड' म्हणायचं. ठाण्याच्या खाडीवर ज्यांची पिढ्यान्‌पिढ्या मिठागरं, त्यांनी संध्याकाळी आपल्याच मालाचं नाव घ्यायचं नाही. घेतलं तर तो रुसून निघून जातो म्हणे.

दिवाळीच्या सुट्टीत मी कॉलेजातून घरी आले आणि त्याच आठवड्यात ते वादळ झालं. बांध फुटले, मिठाच्या राशी विरघळल्या, निम्मी घरं बसली. आता मुंबईत बोर्डिंगातल्या मैत्रिणी विचारतात, "किती भयंकर असेल, नाही?" होतंच. पण त्या हिवाळ्याच्या गोष्टी सांगायला बसले की मलाच हसू येतं, आणि एकीचा पदर धरून दुसरी येते.

*

थोरल्या काकांच्या ओसरीच्या भिंती वादळाने नेल्या, दार तेवढं चौकटीसकट उभं ठेवलं. काका रोज सकाळी त्या दारामागे घोंगडी टाकून बसत. एकदा मी बाजूनेच आत गेले.

"अगं, दार कशाला आहे?"

"काका, भिंत कुठे आहे?"

"भिंत गेली. रीत नाही गेली."

मी परत फिरले आणि कडी वाजवली. काकांनी बाजूने वाकून माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "कोण आहे?"

*

आमच्या मिठागरावर काम करणाऱ्या धर्माची होडी वाऱ्याने उचलून चिंचेवर नेऊन ठेवली होती. येणारा-जाणारा विचारायचा, "धर्मा, होडी कधी उतरवणार?"

"मी चढवली काय तिला? तिची ती चढली, तिची ती उतरंल."

तोवर त्याच्या बायकोने तिच्यात कोंबड्या ठेवल्या. गावात अंडी पाडून आणावी लागत.

*

कल्याणच्या व्यापाऱ्यांनी मदत पाठवायचं ठरवलं. त्यांचा मुनीम चौकशीला आला तो नेमका दिवेलागणीला.

"काय काय गेलं?" त्याने विचारलं.

काकांनी उसासा टाकला. "गोड गेलं हो. सगळं गोड वाहून गेलं."

चार दिवसांनी कल्याणहून बोट आली. तांदूळ होता, चादरी होत्या आणि बाकी बोटभर गुळाच्या ढेपा. मिठागराच्या गावाने तो महिना अळणी भात गुळाशी खाल्ला. मुनीम पुन्हा आला तेव्हा खरी गोष्ट कळून कपाळाला हात लावून म्हणाला, "अहो, मग सरळ मीठ म्हणायचं!"

"दिवे लागले होते," काका म्हणाले.

*

सगळं गाव तेव्हा देवळात राहत होतं. एकच चूल, एकच मोठं पातेलं. इतकी माणसं एकत्र जेवताना मी पुन्हा कधी पाहिली नाहीत. चुलीपाशी असायची वहिनी, काकांची सून. आदल्याच वर्षी लग्न होऊन कल्याणहून आलेली.

बांध घालायला माणसं कमी पडली तेव्हा घरच्या बायकाही प्रथमच खाडीवर उतरल्या. चिखलाच्या पाट्या हातोहात पुढे जात. वहिनीच्या पुढे नेमके सासरे आले. तिचा डोक्यावरचा पदर घसरला, दोन्ही हातांत चिखल, म्हणून तिने तो दातांत धरला. सुनेचं उघडं डोकं दिसू नये म्हणून काकांनी आभाळाकडे बघत पाटी घेतली आणि आभाळाकडे बघतच ओतली. स्वतःच्याच पायांवर.

"मामंजी," दातांतल्या पदराआडून वहिनी म्हणाली, "बांध खाली आहे."

काका सोडून सगळे हसले.

*

तो बांध एकाच जागी दोनदा खचला. मग काकूंना आठवलं की वादळाच्या संध्याकाळी, दिवे लागल्यावर, वहिनी स्वयंपाकघरात 'तो' शब्द बोलली होती. देवळाच्या सभामंडपात वडीलधारी मंडळी बसली आणि ठरलं: ही इथे आहे तोवर बांध टिकायचा नाही, तिला कायमची माहेरी पोचवावी. तिचा नवरा, आमचा दादा, पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होता. वहिनी चुलीपाशी भात वाढत होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

काकांनी मला बोलावलं. "तू शिकलेली. तुझं ऐकते ती. नीट समजावून सांग. उद्याच्या भरतीला होडी निघेल."

"नाही सांगणार."

"मोठ्यांना नाही म्हणतेस?"

"म्हणते. तिला घालवायचं असेल तर समोर उभं करून तुम्ही सांगा. ती काय बोलली, तो शब्द तिच्या तोंडावर सांगा. आत्ता."

मी वहिनीला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली. गाभाऱ्यातली समई नुकतीच लागली होती.

"हे म्हणतात, तुझ्या एका शब्दाने वादळ आलं," मी तिला म्हटलं. "कोणता, ते विचार."

वहिनीने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "काय बोलले मी, मामंजी?"

काकांनी तोंड उघडलं. मग काकूंकडे पाहिलं. काकूंनी समईकडे.