चुणीतली बाई

आमच्या सासऱ्यांना सगळे पडदेमास्तर म्हणतात. अर्ध्या शहराच्या खिडक्या त्यांनी झाकल्यात. बाहेरच्या माणसाची नजर आत जाऊ नये म्हणून अस्तर लावून, चुण्या घालून, खाली वजनाची पट्टी शिवून असा पडदा देतात की आतला दिवासुद्धा बाहेर दिसायचा नाही. आणि स्वतःच्या घरात? मुलगा लहानपणी एकदा खोलीत अडकला, म्हणून सगळ्या दारांच्या कड्या काढल्या त्या काढल्याच. न्हाणीघराची तेवढी राहिली, तीही सासूबाई अडून बसल्या म्हणून. मुलगा मोठा झाला, त्याला टक्कल पडायला लागलं, लग्न झालं, मी आले. कडी काही आली नाही.

खाकरणं नाही, हाक मारणं नाही. गळ्यात मोजपट्टी टाकून मास्तर दार ढकलतात आणि म्हणतात, "नुसता बघायला आलो." काय बघायला? पंखा चालू राहिला का, खिडकी लावली का, मी झोपले का, आणि नसेन झोपले तर का नाही. माणूस वाईट नाही हो. मला ताप आला की आवाजाचा त्रास नको म्हणून शिलाईमशीन बंद ठेवतात. मग थोड्या थोड्या वेळानं येऊन मला हलवून विचारतात, "झोप लागली का गं?"

गेल्या वर्षी मला दिवस गेले, तेव्हा घरात सकाळी कळलं आणि दुपारपर्यंत गल्लीला. मास्तर गिऱ्हाइकांना पडद्याच्या घडीबरोबर बातमीही बांधून देत होते. तिसऱ्या महिन्यात ते गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुणाचाच दोष नाही, होतं असं कधीकधी. मलाही ते पटलं. पण बातमी जिथे जिथे गेली होती, तिथून आता हळहळ परत यायला लागली. मी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची आणि दार ढकलून कुणीतरी म्हणायचं, "नुसतं बघायला आले." ते मी विसरलेले नाही, आणि विसरणारही नाही.

यंदा पुन्हा दिवस राहिले, तेव्हा मी नवऱ्याला बजावलं, "आपल्या दोघांशिवाय कुणाला कळता कामा नये. दाराला आतून कडी बसवून घे. नसेल जमत तर दुसरी जागा बघ." नवरा माझा पडद्याच्या कड्यांसारखा, जिकडे ओढाल तिकडे सरकतो. तो वडिलांकडे गेला, आणि तसाच सरकत परत आला.

"बाबा म्हणतात, घरात कुणापासून लपायचंय? आपण काय परके आहोत?"

"मग जागा बघ," मी म्हणाले.

अशात ती आली. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान आहे. तिथल्या खिडकीला गडद हिरवा मखमली पडदा नमुना म्हणून कित्येक वर्षं टांगलाय. मास्तर त्याची धूळ झटकत होते, तर चुणीवर एक कोळी. जाळं विणून बसणारा नव्हे, टुणटुण उड्या मारणारा, करंगळीच्या नखाएवढा. मास्तरांनी चप्पल उगारली. त्यानं वळून दोन टपोऱ्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. आजवर मास्तरच सगळ्यांकडे असे रोखून बघत आले. त्यांच्याकडे कुणी बघितलं, हे त्यांना इतकं आवडलं की चप्पल खाली गेली.

तो कोळी म्हणजे मादी होती, हे कळलं ते नर आल्यावर. दिसायला किडकिडीत, पण काय तो थाट! पुढचे दोन पाय वर करायचे, थोडं डावीकडे सरकायचं, थोडं उजवीकडे, मधेच पोट थरथरवायचं. ती अंगावर झेप घ्यायची की हा मागच्या मागे उडी मारून पसार. थोड्या वेळानं पुन्हा हजर, पुन्हा पाय वर. मास्तर स्टूल टाकून बसले. बेडरूमच्या पडद्यांची मापं घेऊन आलेल्या एका बाईंना त्यांनी शेजारी बसवून घेतलं. मापं राहिली बाजूला.

"बघ, शिक जरा," ते मुलाला म्हणाले. "बायकोसाठी कधी साधं फूल आणलंस?"

"फूल आणलं असतं तर तुम्ही दार ढकलून विचारलं असतंत, कितीला पडलं," मी म्हणाले. बाईंनी हसू दाबलं.

शेवटी एका दुपारी तिनं झेप घेतली नाही. "जमलं! अगं, जमलं!" मास्तर ओरडले. सासूबाई हात पुसत धावत आल्या. त्यांना वाटलं माझंच काहीतरी. कोळी बघून तोंड वाकडं केलं आणि आल्या पावली परत गेल्या. इकडे नरानं काम झाल्या झाल्या जी धूम ठोकली, ती मास्तरांना मुळीच आवडली नाही.

"काय हा माणूस! बायकोला सोडून पळाला?"

"थांबला असता तर तिनं खाल्लं असतं," मी म्हणाले.

मास्तरांनी मुलाकडे बघितलं. मुलगा पंख्याकडे बघत होता.

मग तिनं घर केलं. दोन चुण्यांच्या मधे पांढऱ्या रेशमाची बंद खोली, कुठे फट नाही. मास्तर भिंग लावून बसले. "शिवण बघ हिची, शिवण! टाका म्हणून दिसत नाही!" इथवर ठीक होतं. पण बंद खोली बघून हा माणूस गप्प बसणार होय? त्यांनी बारीक सुई घेतली आणि एका कडेनं ती उसवली. आत पिवळसर अंड्यांचा पुंजका, आणि त्यावर पाय पसरून ती.

ती रातोरात शिवायची, हे सकाळी उसवायचे. चुणी आड येते म्हणून त्यांनी ती टाचणीनं मागे अडकवली. मशीनचा दिवा वाकडा करून तिच्या अंगावर सोडला. येईल त्या गिऱ्हाइकाला दर्शन आणि वर प्रवचन. "आई म्हणजे अशी! खाणं नाही, पिणं नाही, अंड्यांवरून हलत नाही. नाहीतर आजकालच्या मुली." हे माझ्याकडे बघून. मी उमासा गिळत उभी. लिंबाची फोड तोंडात धरली होती, तीही त्यांना दिसू नये म्हणून गालात लपवून.

"बाबा, सोडा हो तिला. त्रास होत असेल."

"मी काय करतोय तिला? नुसतं बघतोय."

त्या सकाळी बेडरूमच्या पडद्यांवाल्या बाई नवऱ्याला घेऊन आल्या, खास ती बघायला. मास्तरांनी ऐटीत दिवा फिरवला, सुईनं नवी शिवण उसवली आणि त्यांचा हात तिथेच थांबला. पुंजका अर्धाच उरला होता. काही अंड्यांची नुसती फोलकटं. आणि उरलेल्यातलं एक तिनं तोंडात धरलं होतं.

"अगं बाई, स्वतःचीच खाते!" बाई किंचाळल्या आणि नवऱ्याला ओढत निघूनच गेल्या.

"राक्षसीण!" मास्तरांचा आवाज फाटला. "आई आहेस की कोण आहेस?" त्यांनी चप्पल काढली.

मी मधे उभी राहिले. आवाज चढवायचा नाही असं ठरवलं होतं, पण चढला. "तिला कशाला बोलताय? तिनं दार शिवलं, तुम्ही उसवलंत. पुन्हा शिवलं, पुन्हा उसवलंत. किती वेळा शिवायचं तिनं? घर राहील असं तिला वाटेनासं केलंत तुम्ही!"

नवऱ्यानं मोबाईलमधून डोकं काढलं. "बाबा, इथे तसंच लिहिलंय. फार छेडलं की अंडी खातात म्हणे." आयुष्यात पहिल्यांदा तो एका बाजूला उभा राहिला.

मास्तर मशीनवर जाऊन बसले. पायडल मारलं नाही. मग मला म्हणाले, "पोरी, गेल्या वर्षी... मी असा सारखा बघत होतो, म्हणून तर नाही ना?"

मला रडूच आलं. इतका राग साठवला होता मी, आणि आता त्या म्हाताऱ्याचा चेहरा बघवेना. "नाही हो बाबा. त्याचा काही संबंध नाही. तुम्ही माणसं गोळा केलीत त्याचा राग आहे मला. पण ते तुमच्यामुळे नाही गेलं."

त्यांनी उठून चुणीची टाचणी काढली, दिवा विझवला आणि बाजारात गेले. येताना कडी आणली. पडद्याच्या दांड्यांचे स्क्रू वापरून आमच्या खोलीच्या दाराला स्वतःच बसवली, साहजिकच वाकडी. लागते का बघायला आतून लावली, आणि ती अडकली. सासूबाई बाहेरून दार बडवायला लागल्या, "अहो, करताय काय आत?"

"आधी नीट हाक मारावी माणसानं!" आतून मास्तर कडाडले. "ही काय पद्धत झाली?"

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी दारावर टकटक झाली. मी गप्प राहिले, खरंच थांबतात का बघावं म्हणून. दार ढकललं गेलं नाही. "काही नाही, नंतर येतो," बाहेरून आवाज आला आणि चपला दूर जायला लागल्या. तेव्हा मीच ती वाकडी कडी ओढली, त्यांना हाक मारली आणि बातमी सांगितली. सासूबाईंनाही अजून सांगितलेलं नाही, असं मी म्हणाले. मास्तरांनी तोंडावर हात ठेवला. गळ्यातली मोजपट्टी काढून उगाच गुंडाळत मशीनकडे गेले.

ती कोळ्याची बाई दोन दिवसांनी पडद्याच्या पार वरच्या चुणीत दिसली, नवी पांढरी खोली बांधून. तो पडदा झटकायचा नाही, असा घरात हुकूम आहे.

परवा बेडरूमच्या पडद्यांवाल्या बाई पुन्हा आल्या. मी आतून ऐकत होते.

"काय हो मास्तर, त्या कोळ्याचं पुढे काय झालं?"

"कुणास ठाऊक. मी बघितलं नाही."

"आणि सूनबाईंचं? काही विशेष?"

मशीन थांबलं. बातमी पोटात ठेवायची म्हणजे त्या माणसाला केवढा त्रास होत असेल, ते मला भिंतीपलीकडूनही कळत होतं.

"मापं आणलीत का?" मास्तर म्हणाले. "आधी खिडकीची रुंदी सांगा."