जहाजावर रुमाल टाकून धरलेली जागा

जहाजावरच्या हेवी मेटल महोत्सवाला जाणाऱ्यांसाठी इंटरनेटवर ढीगभर सूचना आहेत, आणि लिहिणाऱ्या एकालाही ऊन म्हणजे काय ते माहीत नाही. पाणी प्या. चांगले बूट घाला. पुढची जागा हवी असेल तर लवकर जा. अरे बाबांनो, लवकर जाऊन करायचं काय? जागा राखायची कशी, ते कोण सांगणार? मी नागपूरची बाई, पन्नाशी उलटलेली, डावा कान पार गेलेला आणि उजवा जायच्या वाटेवर. मला कामाच्या सूचना हव्या होत्या. कोणी दिल्या नाहीत, म्हणून आता मीच लिहिते आहे, आणि रागातच लिहिणार आहे.

आधी कानांचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. माझे कान गेले हे कळल्यावर आमच्याकडे प्रत्येकानं तोंडसुख घेतलं. नणंद म्हणाली, "ते भांडे आपटल्यासारखे गाणे ऐकून राहिली होती ना इतके वर्षं, भोग आता." ही नणंद मिक्सर चालू ठेवून फोनवर बोलते आणि तिसऱ्या घरात ऐकू जातं. तिचे कान ठणठणीत. माझे कान गाण्यांनी गेले नाहीत हो. सावनेरकडच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी वीसेक वर्षं रुईचे नमुने तपासायला बसत होते. माझं टेबल आणि मशीन यांच्या मधात फक्त एक टिनाचा पत्रा. दिवाळीपासून होळीपर्यंत दिवसभर ती घरघर, समोरच्या माणसाशी बोलायचं तर हातवारे करायचे. एकदा मॅनेजरला म्हटलं, कानात घालायला काही मिळेल का? तर तो म्हणाला, "कापूस कोंबा ना बाई, इथं काय कमी आहे?" सगळे हसले. मी कोंबलाही कापूस. कापसानं काही होत नाही, हे मला आता डॉक्टरांनी सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात. गेलेच. कुकरची शिट्टी गेली, फोनची रिंग गेली, दारावरच्या बेलची चिमणी गेली. आणि त्या रिकाम्या जागी कानात एक शिट्टी येऊन बसली, ती उठतच नाही. दिवसा आहे, रात्री आहे, जेवताना आहे. हे मी घरात सांगितलं तर नवरा म्हणाला, मनाचे खेळ आहेत. नरखेडच्या माझ्या मोठ्या बहिणीला, ताईला, सांगितलं तर तीही तेच म्हणाली, "तिकडं ध्यानच नको देऊ वं." जणू मीच त्या शिट्टीला बोलावून पाट मांडला होता.

आता माझं एकच म्हणणं होतं. कॉलेजात असताना मैत्रिणीच्या भावाच्या कॅसेटवर मी एक गाणं ऐकलं होतं. सगळा धडाका चाललेला असतो आणि मधातच ढोल-बिल सगळं थांबतं, एकटी गिटार वाजते, अगदी बारीक, वरवर चढत जाते. तेवढ्यासाठी मी तीस वर्षं ते गाणं ऐकत आले. आता उजव्या कानाला ती गिटार दर महिन्याला थोडी कमी ऐकू येत होती. तो बँड अजून वाजवतो आणि यंदा त्या जहाजावर येणार आहे, हे कळल्यावर मी ठरवलं, उजवा कान बंद व्हायच्या आत ती गिटार एकदा समोरून ऐकायची. डॉक्टर म्हणाले, "जा, पण कानात बोळे घालूनच." बोळे घातले की बारीक आवाज आणखी कमी होणार. म्हणजे मला जागा हवी होती ती नेमकी गिटारवाल्याच्या पुढ्यातली, कठड्याला लागून, उजवा कान त्याच्याकडे करून. मोठ्या स्पीकरपासून दूर आणि त्याच्या स्वतःच्या गिटारचा आवाज येतो त्या स्पीकरच्या पेटीजवळ. तिथे ऐकू आलं तर आलं, नाही तर परत यायचं.

नवरा म्हणाला, "या वयात? लोक काय म्हणतील?" लोक काय म्हणाले ते मला ऐकू येणार नाही, हा एक तरी फायदा आहे, असं मी त्याला सांगितलं. शेवटी ताई म्हणाली, मी येते. ताई म्हणजे साठीची, डोक्यावर पदर, मोसंबीच्या बागेत उभं आयुष्य गेलेलं. समुद्र तिनं बघितलेला नव्हता आणि मेटल तर तिला माझ्या खोलीच्या दाराबाहेरूनही सोसत नव्हतं. पण एकटीला जाऊ द्यायचं नाही, यावर ती ठाम होती. "तू पडशील कुठं. तुले आवाज देऊन बी ऐकू येणार नाही," ती म्हणाली. मला राग आला, पण तिचं खोटं नव्हतं.

तर सूचना. तिखट-मिठाच्या पुऱ्या घ्या, कारण पहिल्या दिवशी जहाजावरच्या शंभर पदार्थांपैकी एकही घशाखाली उतरत नाही. लिफ्टच्या नादी लागू नका, जिने चढा. ज्याचा कान गेला त्याचा तोलही जातो, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. जहाज हलायला लागलं तशी मी खोलीत आडवी झाले ती जवळजवळ आडवीच राहिले. ताई मात्र मजेत. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून जिंदगी गेली तिची, तिला हे हलणं कुठं जाणवतंय. आणि लांब केसांच्या, अंगभर गोंदवलेल्या माणसांना घाबरू नका. आमच्या जिन्यावर असा एक भलामोठा माणूस ताईला हात देऊन वर नेत असे, आणि ती त्याला "जीते रहो बेटा" म्हणत असे. सगळं जहाज काळ्या कपड्यांत, मधात ताईची पोपटी साडी, त्यामुळे ती कधी हरवली नाही.

आता वाडग्याचं. प्रत्येक सभागृहाच्या दाराशी एक मोठा वाडगा ठेवलेला, त्यात कानात घालायचे रंगीबेरंगी स्पंजचे बोळे. फुकट. हवे तेवढे घ्या. ताईला वाटलं, हॉटेलातून निघताना बडीशेप-गोळ्या ठेवतात तसं असेल. तिनं एक गुलाबी बोळा उचलून तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळला. "हे विरघळून नाही राहिलं वं," ती म्हणाली. मी हसले, आणि हसता हसता माझ्या डोक्यात तिडीक गेली. इथे लोक स्वतःच्या हौसेनं, सुट्टी काढून, आवाज ऐकायला आलेले. त्यांच्यासाठी दारोदारी वाडगे. आणि मी पोटासाठी त्या पत्र्याआड वीस वर्षं बसले तर मला म्हणे कापूस कोंबा. मी त्या वाडग्यातून मूठभर बोळे उचलले आणि पर्समध्ये कोंबले. कशासाठी, ते मलाही माहीत नव्हतं. ताईनं मात्र शपथ घेतली, "ते तोंडातले रबर मी कानात घालणार नाही."

आमच्या बँडला वेळ दिलेली भर दुपारची, वरच्या उघड्या डेकवर. नव्या पोरांना संध्याकाळ आणि या जुन्या माणसांना दुपारचं ऊन, हाही एक अपमानच. सकाळी मला उठवत नव्हतं, डोकं गरगरत होतं. ताई म्हणाली, "तू पडून राह्य. जागेचं मी पाहून घेतो." नाश्ता करून ती वर गेली आणि लगेच परतही आली. मी विचारलं, काय केलं? ती म्हणाली, "रुमाल टाकून देला."

आमच्याकडे एसटी फलाटाला लागायच्या आधीच खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात. रुमाल पडला की ती सीट तुमची, मग तिथे कोणी दांडगा जरी आला तरी बसत नाही. ताईनं तिचा निळ्या काठाचा रुमाल गिटारवाल्यासमोरच्या कठड्याला बांधला आणि निर्धास्त खाली आली. मी ताईच्या आधारानं धडपडत वर जाऊन बघितलं तर कठडा मोकळा. साफसफाई करणाऱ्या मुलीनं रुमाल सोडून, नीट घडी करून, हरवलेल्या वस्तूंच्या टेबलावर नेऊन ठेवला होता. अंगाचा तिळपापड झाला माझ्या. मी ताईला म्हटलं, "ही काय नरखेडची एसटी वाटली का तुले? तीस वर्षं मी या जागेसाठी थांबली, अन तू तिथं रुमाल बांधून येते?"

ताईनं मोकळ्या कठड्याकडे बघितलं. मग म्हणाली, "एसटीतल्या माणसाले रुमाल समजते. याहिले नाही समजत, त्यात माझं काय चुकलं?" आणि ती पायऱ्या उतरून गेली. मला वाटलं, रुसली. मला चक्कर येत होती, मीही खोलीत जाऊन पडले. पडल्यापडल्या तिच्यावर, त्या मुलीवर, जिनिंगवर, सगळ्यांवर चिडत राहिले. ताई खोलीत आली नाही.

कार्यक्रमाच्या आधी थोडं बरं वाटलं तशी उजव्या आणि डाव्या, दोन्ही कानांत बोळे घालून मी वर गेले. डेक गच्च भरलेला. काळ्या पाठीच पाठी. आता मागूनच ऐकायचं, म्हणजे नाहीच ऐकायचं, असं मनात आलं आणि डोळे भरून आले. मग त्या काळ्यात मला अगदी पुढे, कठड्याला लागून, पोपटी पदर दिसला.

ताई सकाळपासून तिथेच होती. रुमाल समजत नाही ना, मग ती स्वतःच जाऊन उभी राहिली होती. डोक्याला, तोंडाला पदर गच्च गुंडाळलेला, आपण मे महिन्यात बाहेर पडताना गुंडाळतो तसा. ऊन लागू नये म्हणून कमरेला खोचलेला अख्खा कांदा, तो तिनं खालच्या सॅलडवाल्याकडून खुणा करून मागून घेतला होता. बाकीचे लोक ऊन वाढलं की सावलीत पळत होते, पुन्हा येत होते. ताई हलली नव्हती. जिन्यावरचा तो भलामोठा माणूस तिच्यामागे उभा होता, त्यानं मला बघून लोकांना बाजूला केलं. मी पुढे गेले. ताईनं मला आपल्या समोर घेतलं आणि माझ्या दोन्ही बाजूंनी हात काढून कठडा धरला, एसटीत लहान पोराला गर्दीपासून जपतात तसा. ती काही बोलली असेल, पण मला ऐकू आलं नाही.

मग सुरू झालं. आवाज असा की छातीत धडका बसत होत्या. मी मान वळवून पाहिलं तर ताईचे डोळे मिटलेले, दात आवळलेले आणि कान उघडे. बोट घालायला हात मोकळे नव्हते. सोडले असते तर मागचा लोंढा माझ्या अंगावर आला असता. मी खुणेनं सांगितलं, जा, खाली जा. तिनं मान हलवून नाही म्हटलं. मूठभर बोळ्यांची ती पर्स खोलीत राहिलेली. तेव्हा मला सुचलं की माझा डावा कान तर गेलेलाच आहे, तिथला बोळा कुणाच्या कामाचा? तो काढून मी तिच्या एका कानात कोंबला. दुसऱ्यासाठी माझ्याकडे नव्हता. उजव्या कानाचा मी काढला असता, तिनं मानेनंच दटावलं.

आणि ते गाणं आलं. ढोल थांबले. गिटारवाला चार हातांवर होता, त्याचे केस पांढरे झाले होते. मी उजवा कान त्याच्याकडे केला. ऐकू आलं. सगळं नाही आलं. अगदी वरचे शेवटचे दोन-तीन सूर मला लागले नाहीत, ते मी आठवणीतून भरून घेतले. पण आलं. मी रडले आणि ताईच्या हातावर डोकं टेकलं. ती कठडा धरूनच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला ताई पुरीचा तुकडा हातात घेऊन नुसती बसली होती. मी विचारलं, काय झालं? तिनं उघड्या राहिलेल्या कानावर दोनदा तळहात मारला.

"कालपासून सूं करून राहिलं वं. रातभर डोळा नाही लागला. कुकर ठेवून कोणी गेलं अन गॅस बंद नाही केला, असं. हे थांबते कधी?"

"तुझं थांबेल. आज-उद्यात."

"अन तुझं?"

मी साखर घातली. चहा ढवळत राहिले. ताईनं पुरी ताटात ठेवली. माझ्याकडे बघत राहिली, मग समोरच्या सभागृहाच्या दाराशी ठेवलेल्या त्या बोळ्यांच्या वाडग्याकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे.

"हे असं? सारखं?"

"हो."

"त्या जिनिंगवाल्यानं असे बोळे दिले असते तर?"

"तर नसतं झालं."

तिनं ताट बाजूला सारलं. डोळ्यांना पदर लावला. मग अगदी हळू बोलली, मला तिच्या ओठांवरूनच कळलं.

"मंग तू झोपते कशी वं?"

किती पैसे लागतील, तिथे खाशील काय, सोबत कोण, या वयात कशाला, सगळं मला सगळ्यांनी विचारलं होतं. हे कोणी विचारलं नव्हतं. नवऱ्यानं नाही, डॉक्टरांनीही नाही.

"गाणं लावून," मी म्हटलं. "हेच. हळू आवाजात. त्याच्याखाली ते झाकलं जाते."

ताईनं खुर्ची माझ्याजवळ ओढली, डोक्यावरचा पदर मागे सारला आणि कान पुढे केला.

"मले बी लाव."