पुठ्ठ्याचा बुरूज

संत्र्यांच्या रिकाम्या खोक्याचा वास आला की अजून माझ्या पाठीवर लेकीचं वजन येतं. मस्कतमधल्या आम्हा हौशी मराठी मंडळींनी झाशीच्या वेढ्यावर नाटक बसवलं होतं, मवालेहच्या फळबाजारातली खोकी रंगवून बुरूज रचला होता. मी राणी, सहा वर्षांची लेक राजपुत्र म्हणून पाठीशी बांधलेली, आणि नवरा मदत येत असल्याची बातमी आणणारा जासूद. प्रयोगाच्या दिवशी तो दूरच्या सहम गावातल्या कामाच्या साइटवरून निघणार होता. तिकडे पाऊस होता, वाटेतल्या एरवी कोरड्या वादीला, ओढ्याच्या पात्राला, पाणी आलं होतं. "थांब तिकडेच," मी फोनवर म्हटलं, तर हसून म्हणाला, "यल्ला, निघालोच! तू बुरूज सांभाळ." त्याच्या प्रवेशाची तुतारी वाजली आणि विंगेत कुणीच आलं नाही. पुन्हा वाजवली. प्रॉम्प्टिंग करणाऱ्या वहिनी फोन कानाला लावून उभ्या होत्या, माझ्याकडे बघेनात. लेक कानाशी कुजबुजली, "आई, बाबा व्हाय नाही आला?"  मी बुरुजाला धरलं, तर खोकं आत दबलं. तरी पुढचं वाक्य मी ओरडून म्हटलं, "मदत येतेय! दरवाजे उघडू नका!" टाळ्या थांबेनात. गाडी सकाळी वादीत सापडली. झाशीकडे निघालेली मदतही नदीकाठीच हरली होती, हे मी लेकीला कधी सांगितलं नाही. ते तिने पुढे शाळेच्या पुस्तकात एकटीने वाचलं.