निगडीचा शेक

गोव्यात मेंढ्या? असं विचारणाऱ्यांना उत्तर देणं मी आता सोडून दिलंय. लाटंबार्सेच्या एका बागायतदाराने काजूखालचं गवत खायला म्हणून हौसेनं घाटावरून मेंढ्या आणल्या. गणपतीची चवथ आटोपली तरी पाऊस हटेना. ओल्या जमिनीत त्यांचे खूर सडले आणि आठ मेंढ्या लंगडायला लागल्या. मी गुरांचा डॉक्टर. बरेच दिवस माझ्या डोक्यात घोळत होतं की सूज उतरवणारं, ठणका थांबवणारं इंजेक्शन आपण गाईला देतो, पण मेंढीला द्यायचं कुणाच्या मनातही येत नाही. ते तिला किती लागू पडतं, हे एकदा नीट तपासायचं होतं.

पद्धत साधी होती. खुरांचे उपचार आठही जणींना सारखेच. शिवाय रोज सकाळी मी एक इंजेक्शन टोचायचं. चौघींना खरं औषध, चौघींना मिठाचं पाणी. कुणाला काय मिळतंय हे मला कळू नये म्हणून पेडण्याची माझी सहकारी सिरिंजांवर मेंढ्यांचे नंबर घालून त्या भरून पाठवायची. रोज चार वाजता मी जाऊन दुखण्याला गुण द्यायचे; दुखणं जास्त तर गुण जास्त. गुण फार चढले तर त्या मेंढीला लगेच खरं औषध, असं आधीच ठरलं होतं.

पाच दिवस आठही जणी सारख्याच. कुणाचे गुण चढेनात. एवढा आटापिटा करून औषध आणि मीठ यांत काही फरकच नाही! मी पार हिरमुसलो.

सहाव्या दिवशी दोडामार्गला जाता जाता दुपारीच गोठ्यात डोकावलो. मेंढ्या राखायला सावंतवाडीकडची एक मावशी ठेवली होती. ती जमिनीवर फतकल मारून, एका मेंढीचा पाय मांडीवर घेऊन, खुराच्या वरच्या भागाला शेक देत होती. शेजारच्या टोपात निगडीचा, म्हणजे निर्गुडीचा, पाला उकळत होता. आमच्याकडे गुडघा धरला, कंबर धरली की घरोघरी हाच पाला. माझं डोकंच फिरलं.

"मावशी, हे कधीपासून चाललंय?"

"दुसऱ्या दिसापासून. दोन वेळा शेकतंय."

"मला विचारलं का नाही?"

"शेकूक काय इचारूचा, डॉक्टरानू? दुखता तेंका."

"दुखत नाही! मी रोज बघतो. सरळ उभ्या असतात."

"तुमी इलात काय उभी रवतत. तुमी गेलात काय पाय उचलून दात खातत."

शरमेनं माझा आवाज आणखीच चढला. आठवड्याची मेहनत पाण्यात गेली होती, आणि पाण्यात घालणारी बाई मलाच मेंढ्या शिकवत होती. आठही शेकल्यास का, म्हणून मी दरडावून विचारलं.

"आठ कित्याक? चारच. बाकीच्यांका बरा आसा."

तिनं बोट करून चार दाखवल्या. कानातले बिल्ले वाचून मी पेडण्याच्या सहकारिणीला फोन लावला. तपासणी तर बुडालीच होती, आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिनं मिठाच्या पाण्याचे नंबर वाचले. त्याच चार. मी पाच दिवस वहीत लिहून जे मला दिसलं नाही, ते हिला नुसतं बघून कळलं होतं. मला तिच्याबद्दल माया वाटली, आणि स्वतःचा राग आला.

मग गाडीतून खरं औषध आणलं. तिनं एकेक मेंढी धरली, मी टोचत गेलो. सकाळी टोचलं असताना या चौघींना आज पुन्हा का, म्हणून तिनं विचारलं तेव्हा मी मिठाच्या पाण्याचं सगळं समजावून सांगितलं. शेवटच्या मेंढीची मान तिच्या कुशीत होती.

"म्हणजे चार जणींका दुखतला, ह्या तुमका आदीच म्हायत होता?"

"कुठल्या चौघींना, ते माहीत नव्हतं," मी म्हणालो.

"ता नाय इचारूक मी."

"होय," मी म्हणालो. "माहीत होतं."